पांढऱ्यावरचा डाग: हिंगणघाटकरांना एक आवाहन

बाजार समितीच्या यार्डात कापसाची गाडी लागली की हिंगणघाटचा व्यापारी आधी वजनाचं विचारत नाही. तो ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, आतला मूठभर पुंजका ओढून काढतो, उन्हाकडे धरतो आणि बोटांनी फाकवून बघतो. पांढराशुभ्र निघाला की बोली चढते. कवडी, पाल्याचा चुरा किंवा काळपट झाक दिसली की बोली तिथेच अडते. मग शेतकरी कितीही सांगो की धागा तेवढाच लांब आहे, माल तेवढाच भरला आहे. पांढऱ्यावर डाग म्हणजे भाव खाली, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. वणी-घुग्गुसच्या कोळसापट्ट्यातले शेतकरी वर्षानुवर्षं हीच तक्रार करत आले आहेत. खाणीची आणि ट्रकची धूळ उडते, उमललेल्या बोंडावर बसते आणि घरात येण्याआधीच कापूस काळवंडतो.

पांढऱ्या रंगाची किंमत एवढी नेमकी जाणणाऱ्या गावाने आज दुसऱ्या एका पांढऱ्यासाठी उभं राहावं, हे मागण्यासाठी हा लेख आहे. नकाशावर हिंगणघाटवर बोट ठेवा आणि सरळ वर, उत्तरेकडे न्या. जबलपूरला डावीकडून टाळून, गंगा-यमुनेचं मैदान ओलांडून सुमारे साडेअकराशे किलोमीटरवर ते बोट जवळजवळ गोमुखावरच जाऊन थांबतं. हिंगणघाट आणि गंगोत्रीची हिमनदी दोन्ही ७९ रेखांशाच्या आसपास आहेत. आपल्यापैकी किती घरांच्या देवघरात तिथून आणलेल्या पाण्याची झाळून बंद केलेली तांब्याची लोटी आहे, ते आपलं आपल्याला माहीत आहे. ते पाणी ज्या बर्फातून येतं, त्या बर्फावर आता काजळी बसते आहे.

डागाने बर्फाचं काय बिघडतं

कापूस डागला तर त्याचा भाव पडतो, पण कापूस शिल्लक राहतो. बर्फ डागला तर तो राहतच नाही.

ताजा, स्वच्छ बर्फ त्याच्यावर पडलेल्या उन्हापैकी ८० ते ९० टक्के ऊन परत फेकतो. हिमालयातल्या त्या तळपत्या उन्हात हिमनदी टिकून राहते ती याच बळावर. काजळी म्हणजे अर्धवट जळलेल्या लाकडाचा, कोळशाचा, डिझेलचा कोळपलेला कण. ऊन शोषून घेण्यात त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही. अब्ज भाग बर्फात काजळीचे दहा ते शंभर भाग मिसळले, तरी ऊन परतवण्याची बर्फाची ताकद एक ते पाच टक्क्यांनी घटते. हा आकडा किरकोळ वाटेल. पण जो बर्फ शंभरातलं पंधरा भाग ऊन शोषत होता, तो अठरा भाग शोषू लागला तर आत शिरणारी उष्णता थेट पाचव्या हिश्शाने वाढली. ही वाढ एका दिवसाची नसते, सगळा उन्हाळाभर ती चालू राहते.

पुढचं गणित आणखी वाईट आहे. वरचा थर वितळला की पाणी वाहून जातं, पण काजळीचा बराच भाग वरच राहतो. खालच्या थरातली, आदल्या वर्षांची काजळीही उघडी पडते. पृष्ठभाग आणखी काळा होतो, आणखी तापतो. ओलसर झालेल्या बर्फाचे कण मोठे होतात आणि मोठ्या कणांचा बर्फ काजळी नसतानाही ऊन जास्त शोषतो. जुना, मळका बर्फ शेवटी निम्मंसुद्धा ऊन परतवू शकत नाही.

इथे कुणी विचारेल, गंगोत्रीच्या खालच्या भागावर तर दगडमातीचा थर दिसतो, मग तो बर्फाला झाकून वाचवत नाही का? थर जाड असेल तर वाचवतो. काही सेंटिमीटरपेक्षा जाड दगडगोट्यांच्या थराखाली ऊन पोचत नाही आणि वितळणं मंदावतं. पातळ धूळ आणि काजळी मात्र उलटं काम करते. तिला झाकण्याइतकी जाडी नसते, फक्त तापण्याइतका रंग असतो.

हा केवळ कागदावरचा हिशेब नाही. देहरादूनच्या वाडिया हिमालयीन भूविज्ञान संस्थेने गंगोत्रीच्या वाटेवर, चिरबासाजवळ हवेतली काजळी मोजली. २०१६ सालच्या त्या मोजणीत उन्हाळ्यातलं काजळीचं प्रमाण एरवीच्या किमान पातळीच्या सुमारे ४०० पट चढलेलं दिसलं. त्यामागे शेतातली जाळपोळ आणि जंगलातले वणवे असल्याचं संशोधकांनी नोंदवलं. यात्रा सुरू होण्याचा, बर्फ सर्वांत नाजूक असण्याचा आणि खाली मैदानात आगी लागण्याचा हंगाम एकच आहे.

धूळ आपल्या हाताबाहेरची, काजळी हातातली

काजळीच्या जोडीला धूळ आहे. थरच्या वाळवंटातून आणि त्याही पलीकडे अरबस्तानातून उडालेली धूळ पश्चिमी वाऱ्यांबरोबर हिमालयाच्या अंगावर येते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवलं की साडेचार हजार मीटरच्या वरच्या बर्फाला काळवंडवण्यात धुळीचा वाटा काजळीपेक्षाही मोठा असतो. युरोपातही तेच घडलं. मार्च २०२२ मध्ये सहारा वाळवंटाची पिवळसर धूळ आल्प्सवर पसरली, त्यात बर्फ कमी पडलेला आणि उन्हाळा कडक. त्या एकाच वर्षात स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी आपल्या उरलेल्या बर्फातला सहा टक्के बर्फ गमावला.

वाळवंटाची धूळ आपण अडवू शकत नाही. म्हणूनच जी अडवता येते ती काजळी अडवणं जास्त निकडीचं ठरतं. बर्फावर आधीच धूळ आहे, आधीच वाढलेलं तापमान आहे, त्यावर आपण आपल्या हाताने तिसरं ओझं ठेवतो आहोत.

हे ओझं नवं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, तेव्हा मध्य प्रांतातला कापूस जोरात परदेशी निघाला आणि 'हिंगणघाट' हे नाव लिव्हरपूलच्या बाजारात मालाची जात म्हणून बोललं जाऊ लागलं. त्याच दशकांत पश्चिम युरोपच्या कोळशावरच्या चिमण्या आल्प्सवर काजळी टाकत होत्या. तिथल्या हिमनद्या १८६० च्या सुमारास मागे हटू लागल्या, हवा म्हणावी तेवढी तापलेली नसतानाही. या कोड्याचं उत्तर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने काजळीत शोधलं. युरोपाने तेव्हा अजाणतेपणी जे केलं ते आपण आज सगळं कळत असताना करतो आहोत.

आणि आता वेळही फार नाही. काठमांडूच्या 'इसिमोड' या पर्वत-संशोधन संस्थेच्या २०२३ च्या अहवालानुसार हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्यांची झीज २०११ ते २०२० या दशकात आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्क्यांनी वेगाने झाली. उत्सर्जन असंच चालू राहिलं तर या शतकाच्या अखेरीस त्यांचा ८० टक्क्यांपर्यंत बर्फ जाऊ शकतो. डोंगरातले २४ कोटी आणि डोंगराखालच्या नदीखोऱ्यांतले १६५ कोटी लोक या पाण्याशी बांधलेले आहेत. या झिजेचं मुख्य कारण तापमानवाढ आहे, त्यात शंका नको. काजळी तिची साथीदार आहे. पण दोघींत एक मोठा फरक आहे. कार्बन डायऑक्साइड हवेत शतकानुशतकं राहतो. काजळी आठवडाभरात, फार तर दोन आठवड्यांत पावसाने किंवा आपसूक खाली बसते. आज धूर थांबला तर पुढच्या पंधरवड्यात हवा हलकी होते. हिमालयाच्या आजारावर एवढ्या लवकर गुण देणारं दुसरं औषध नाही.

पण आपला काय संबंध?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला गोलमाल उत्तर देणं बरोबर नाही.

आपली वणा नदी हिमालयातून येत नाही. ती पावसावर जगते, वर्धेला मिळते, पुढे प्राणहितेतून गोदावरीत जाते. गोमुखाचा बर्फ संपला म्हणून हिंगणघाटच्या नळाचं पाणी जाणार नाही. दुसरं, उन्हाळ्यात आपल्याकडचे वारे बहुतेक पश्चिमेकडून आणि वायव्येकडून वाहतात. तेव्हा इथल्या धुऱ्यावरचा धूर उठून सरळ गंगोत्रीवर जाऊन बसतो, असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. हिमालयावरच्या काजळीचा मोठा वाटा गंगेच्या मैदानातून येतो.

मग आपण का पुढे यायचं? कारण देशभर हीच सबब चालते. बिहार पंजाबकडे बोट दाखवतो, पंजाब दिल्लीच्या गाड्यांकडे, दिल्ली शेतकऱ्याकडे. प्रत्येक जिल्ह्याचा वाटा त्याच्या त्याच्या हिशेबाने 'थोडासाच' असतो. उपखंडावर दर हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात जो धुरकट थर साचतो, त्याला राज्यांच्या सीमा नाहीत. १९९९ च्या 'इंडोएक्स' मोहिमेत शास्त्रज्ञांनी हिंदी महासागरावर तो मोजला तेव्हा तो जवळपास तीन किलोमीटर जाडीचा होता. त्या सामाईक थरात आपलीही भर आहे.

आणि दुसरं कारण घरातलं आहे. जी काजळी बर्फापर्यंत पोचत नाही, ती कुठे जाते? ती इथेच राहते. चुलीपाशी बसलेल्या बाईच्या छातीत, पाळण्यातल्या लेकराच्या श्वासात, महामार्गालगत पानटपरी चालवणाऱ्याच्या घशात. हिमालयासाठी जे चार उपाय करायचे, त्यातला एकही असा नाही की ज्याचा पहिला फायदा हिंगणघाटला मिळणार नाही. देशाच्या भल्यासाठी स्वतःचं नुकसान करून घ्या, असं हे आवाहन नाहीच.

तिसरं कारण इतिहासाचं आहे, आणि त्याचा आपल्याला थोडा अभिमान असायला हवा. १८०२ साली विल्यम लॅम्बटन याने मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजून हिंदुस्थानची महान त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. दक्षिणेच्या टोकापासून उत्तरेकडे सरकत, अर्ध्या टनाचं थिओडोलाइट माणसांच्या खांद्यावरून टेकडीटेकडीला चढवत, वीस वर्षांनी त्याचा तांडा आपल्या भागात पोचला. जानेवारी १८२३ मध्ये नागपूरच्या वाटेवर असताना लॅम्बटन हिंगणघाटला वारला. त्याची कबर आजही इथेच आहे. ते काम त्याचा सहायक जॉर्ज एव्हरेस्ट याने हाती घेतलं आणि १८४१ पर्यंत ती महारेषा हिमालयाच्या पायथ्याला नेऊन भिडवली. त्याच पायावर पुढे हिमशिखरांच्या उंच्या मोजल्या गेल्या. या मोजणीदारांना सर्वांत जास्त कशाने छळलं असेल, तर कोरड्या दिवसांतल्या धूळ-धुरकट हवेने. दूरच्या टेकडीवरची खूणच दिसेना. म्हणून लॅम्बटन पावसाळ्यातली धुतलेली हवा गाठायचा आणि एव्हरेस्टने रात्री दिवे पेटवून मोजण्या केल्या. दोनशे वर्षांपूर्वी या गावापाशी येऊन थांबलेली ती रेषा हिमालयाकडे निघालेली होती. तेव्हा हिमालयाचा आणि आपला संबंध काय, हा प्रश्न निदान हिंगणघाटने तरी विचारू नये.

चार आगी

जागतिक बँकेच्या २०२१ च्या अहवालाने हिमालयावर बसणाऱ्या मानवनिर्मित काजळीचा हिशेब मांडला आहे. त्यात कारखाने, मुख्यतः वीटभट्ट्या, आणि घरांतली लाकूड-गोवऱ्यांची चूल मिळून ४५ ते ६६ टक्के. रस्त्यावरचं डिझेल ७ ते १८ टक्के. उघड्यावरची जाळपोळ तीन टक्क्यांपेक्षाही कमी. चिरबासाची वर सांगितलेली मोजणी एका ठिकाणच्या, आगीच्या हंगामातल्या हवेची होती; हा हिशेब सगळ्या हिमालयाचा आहे. हे आकडे जसेच्या तसे समोर ठेवतो, कारण आवाहन म्हटलं की सगळा दोष शेतकऱ्याच्या माथी मारायची सवय लागली आहे. बर्फाच्या दृष्टीने बघाल तर चूल आणि भट्टी आधी, डिझेल मग, शेत शेवटी.

चूल. आपल्या तालुक्यात कापूस निघाला की पऱ्हाटी आणि तुराटी घरामागे रचली जाते आणि वर्षभर चुलीत जाते. घरात गॅसचं कनेक्शन असलं तरी सिलिंडर पुन्हा भरायला पैसे नसले की तो चहापुरता, पाहुण्यापुरता उरतो. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून कनेक्शन घरोघर गेली. आता खरा प्रश्न सिलिंडर भरण्याचा आहे. त्यामुळे 'चूल बंद करा' असं बायांना सांगण्यात अर्थ नाही. सांगायचंच असेल तर घरातल्या कर्त्या पुरुषांना सांगा की दारूच्या, खर्ऱ्याच्या आधी सिलिंडरचा पैसा बाजूला काढा. आणि जिथे चूल राहणारच, तिथे ती बिनधुराची करा. यासाठी लांब जायला नको. ग्रामोद्योग संघाचं काम जिथून चाललं त्या वर्ध्याच्या मगनवाडीतच 'मगन चूल' नावाची धुराडं असलेली चूल घडली. पुढे पुण्याच्या 'आरती' संस्थेने सुधारित चुली आणि काडीकचऱ्यापासून कोळसा करण्याच्या पद्धती गावोगाव नेल्या. हवा नीट खेळली की लाकूड पुरतं जळतं, धूर कमी होतो, सरपण कमी लागतं. बचत गटांनी हे काम हाती घेतलं तर एका हंगामात गाव बदलतं.

वीटभट्टी. वणेच्या आणि नाल्यांच्या काठाने दिवाळीनंतर भट्ट्या लागतात आणि पावसापर्यंत धुमसतात. गंजीसारख्या रचलेल्या उघड्या भट्टीत कोळसा, कोंडा, पऱ्हाटी, मिळेल ते जातं आणि काळा धूर रात्रभर वस्तीवर उतरतो. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने फेब्रुवारी २०२२ मध्येच भट्ट्यांनी झिगझॅगसारखी स्वच्छ पद्धत स्वीकारावी असा नियम काढला आहे. झिगझॅग भट्टीत गरम हवा नागमोडी वाटेने फिरते, इंधन कमी लागतं आणि वीट सारखी भाजली जाते. छोट्या भट्टीवाल्याला एकट्याला तो खर्च झेपणार नाही, हे मान्य. पण त्याहून सोपी वाट आहे: राखेची वीट. तिला भट्टीच लागत नाही. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर या औष्णिक केंद्रांनी आपल्याभोवती राखेचे डोंगर उभे केले आहेत. ती राख विटेत गेली तर दोन दुखणी एकदम कमी होतात. नगरपालिकेने आणि ग्रामपंचायतींनी आपल्या बांधकामाच्या निविदेत राखेच्या विटेची अट घालावी. घर बांधणाऱ्यानेही ठेकेदाराला एकदा विचारून बघावं.

डिझेल. श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आपल्या उंबऱ्यावरून जातो. त्यावरचे ट्रक आपण थांबवू शकत नाही. पण कापसाच्या हंगामात बाजार समितीसमोर, जिनिंगच्या फाटकाबाहेर लागलेल्या रांगा आपल्या आहेत. मेटाडोर, ट्रॅक्टर, ४०७ तासन्‌तास उभ्या आणि निम्म्यांची इंजिनं चालूच. डिझेलही जळतं आणि रांगेत बसलेल्या चालकाची छातीही. बाजार समितीने रांगेत इंजिन बंद ठेवण्याचा साधा नियम करावा, टोकन द्यावं, गाड्यांना वेळ वाटून द्यावी. काळा धूर सोडणाऱ्या गाडीच्या मालकाने डिझेल-पंप आणि फिल्टर बघून घ्यावा. काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, म्हणजे स्वतःचाच पैसा हवेत.

शेत आणि कचरा. आता शेवटी शेतकरी भावांशी. हिमालयाच्या हिशेबात तुमचा वाटा लहान आहे, हे वर लिहिलंच. पण शेताच्या हिशेबात तो मोठा आहे. बोंडअळीचा धाक आपल्याला कळतो. २०१७ चं ते वर्ष कुणी विसरलेलं नाही. फरदड घेऊ नका, पऱ्हाटी वेळेत काढा, तिचे ढीग बांधावर ठेवू नका, कारण न फुटलेल्या बोंडांत अळी दडून बसते, हा कृषी खात्याचा सल्ला बरोबरच आहे. पण 'नष्ट करा' याचा अर्थ 'काडी लावा' असा नाही. ट्रॅक्टरवरच्या श्रेडरने पऱ्हाटी बारीक केली तर अळीचा आसराही मोडतो आणि हेक्टरी दोन-तीन टन काडी जमिनीत जाते. आपल्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब आधीच कमी आहे. पऱ्हाटी जाळली की तिच्यातलं नत्र हवेत जातं आणि वरून युरियाची गोणी विकत आणावी लागते. काडी ओली करून, थोडं नत्र किंवा शेणकाला देऊन कुजवली तर पुढच्या हंगामापर्यंत खत होतं. श्रेडरसाठी महाडीबीटीवरून यांत्रिकीकरणाचं अनुदान मागता येतं. पाच-सात शेतकऱ्यांनी मिळून किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने एक यंत्र घेतलं तर भाड्यावर गावभर फिरतं.

पऱ्हाटी विकतही जाते. केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने आणि तिच्या नागपूरच्या जिनिंग प्रशिक्षण केंद्राने तिच्यापासून ब्रिकेट, पेलेट आणि फळ्या करण्याचं काम बरीच वर्षं केलं आहे. २०२१ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने औष्णिक केंद्रांना कोळशात पाच टक्के, पुढे सात टक्के जैव-पेलेट मिसळायला सांगितलं आहे. एवढी मागणी उभी असताना आपण पऱ्हाटी फुकट जाळतो, हे कापूस विकणाऱ्या गावाला शोभत नाही. ज्यांच्याकडे शेड, गाड्या आणि भांडवल आहे त्या जिनिंगवाल्यांनी पऱ्हाटीच्या खरेदीचं केंद्र सुरू करावं.

आणि धुरे. मार्च-एप्रिलमध्ये धुरा पेटवला की एका काडीत तण जातं खरं, पण बाभूळ, बोर, पळस, घोरपड, तितराची अंडी, शेजाऱ्याची पाइपलाइन, कधी उभा गहू आणि कधी गोठाही जातो. विळा आणि तणकापणी यंत्र असताना हे करायचं कशाला? शहरातल्या कोपऱ्यावर पेटणारा प्लास्टिक-पाल्याचा ढीग तर कायद्यानेच गुन्हा आहे. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ पासून उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये दंड ठरवला आहे. तो दंड वसूल झालेला आपल्याकडे कुणाच्या ऐकण्यात आहे का, हे नगरपालिकेला एकदा विचारू या.

पोटाचं बघू की हिमालयाचं?

हे वाचून कुणीतरी म्हणणारच: कापसाला भाव नाही, मजूर मिळत नाही, आणि तुम्ही बर्फाच्या गोष्टी सांगता. भाऊ, राग बरोबर आहे. म्हणूनच या लेखात एकही मागणी अशी नाही की जी शेतकऱ्याने पदरचे पैसे मोडून एकट्याने पुरी करावी. श्रेडर मिळून घ्यायचा, पऱ्हाटी विकायची, सिलिंडर भरायचा, इंजिन बंद करायचं. ज्यात पैसा लागतो तिथे तो सरकारच्या योजनेतून, बाजार समितीच्या सेसमधून, जिनिंगच्या धंद्यातून यावा, अशीच मागणी आहे. शेतकऱ्याकडून फक्त एक गोष्ट हवी: काडी लावण्याआधी फोन. यंत्र कुठे आहे, गाडी कधी येईल, हे विचारणारा फोन. तो उचलणारं कुणीतरी गावात असेल, ही जबाबदारी बाकीच्यांची.

कधी, कुठे, कोणी

संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे हिमनदी संवर्धनाचं आंतरराष्ट्रीय वर्ष घोषित केलं आणि तेव्हापासून दरवर्षी २१ मार्च हा जागतिक हिमनदी दिन ठरवला. आपल्याकडे नेमका हाच काळ: कापूस उलंगलेला, पऱ्हाटी उपटलेली, धुरे सुकलेले, भट्ट्या पेटलेल्या. येत्या २१ मार्चपर्यंत हिंगणघाटने पुढची कामं पुरी करावीत, असा प्रस्ताव आहे.

बाजार समितीने संक्रांतीच्या आत आपल्या संचालक मंडळात दोन ठराव घ्यावेत: यार्डाच्या रांगेत इंजिन बंद, आणि सेसच्या रकमेतून भाड्याने द्यायला निदान काही श्रेडर. ग्रामपंचायतींनी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत 'पऱ्हाटी आणि धुरा जाळणार नाही' हा विषय घ्यावा, आणि नुसता ठराव न करता श्रेडरची पाळी गटवार लावून द्यावी. नगरपालिकेने कचरा पेटवण्याची तक्रार घ्यायला एक क्रमांक जाहीर करावा आणि आपल्या नव्या कामांत राखेच्या विटा वापराव्यात. बचत गटांनी आपापल्या वस्तीत किती घरांत रोज चूल पेटते आणि किती सिलिंडर भरले जात नाहीत, याची यादी करून तहसील कार्यालयाला द्यावी. शाळा-महाविद्यालयांतल्या विज्ञानाच्या शिक्षकांनी एक सोपा प्रयोग करावा: पांढऱ्या कापडाचे तुकडे छतावर, चौकात, भट्टीजवळ, शेतात आठ दिवस टांगावेत आणि मग शेजारी शेजारी लावून दाखवावेत. ज्या गावाची नजर कापसातला डाग ओळखते, त्या गावाला त्या तुकड्यांचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

आणि वाचकहो, तुमच्याकडून तीन गोष्टी. आपल्या घरातला आणि शेतातला एक धूर या हंगामात बंद करा. शेजारच्या एका माणसाला तसं करायला लावा. आणि २१ मार्चच्या सकाळी लॅम्बटनच्या कबरीपाशी या. येताना भाषण नको, फक्त कागदावर लिहून आणा की तुमच्या गल्लीत, तुमच्या शिवारात कोणती आग विझली आणि कोणती अजून जळते आहे. त्या यादीची एक प्रत बाजार समितीला जाईल, एक नगरपालिकेला, एक तहसीलदारांना. जी आग यादीत उरेल, तिचा जाब पुढच्या २१ मार्चला त्याच जागी विचारला जाईल.